मृगावर पेरलेली झुकिनी: दापोलीच्या किनाऱ्यावरचं एक प्रकरण

दापोली तालुक्यात मुरूड-कर्देच्या बाजूला, समुद्रापासून फर्लांगभर आत एका कुटुंबाची भाताची मळी आहे आणि तिला लागून नारळ-सुपारीची वाडी. घरात आबा, त्यांचा मुलगा आणि सून, म्हणजे वहिनी. थोरली मुलगी लग्नानंतर इंग्लंडात, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर राहते. जवळच्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाक्याने वहिनींना विचारलं, "मुंबईहून येणारी झुकिनी वाटेतच मऊ पडते. तुम्ही इथे पिकवून द्याल का?" वाल, चवळी, पडवळ, काकडी या घराला नवी नव्हती. वहिनींनी होकार दिला. त्यानंतर एक अख्खा पावसाळा हातचा गेला आणि पुढच्या हिवाळ्यात त्याच घराने त्याच जातीच्या बियाण्यातून डोळ्यांत भरेल असं पीक काढलं. जमीन तीच होती, हात तेच होते. लावणीची वेळ बदलली आणि तिच्यामागून बाकीचं बदललं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले लोक झुकिनीबद्दल पहिला प्रश्न वेळेचाच विचारतात, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

आधी पिकाची ओळख. झुकिनी भोपळ्याच्या कुळातली. उत्तरेत ज्याला चप्पन कद्दू म्हणतात, त्याच जातीची ही बहीण. आपला तांबडा भोपळा बहुधा वेगळ्या जातीचा असतो. झुकिनीचा वेल होत नाही, बुटकं पसरट झुडूप होतं. मधल्या जाड खोडाभोवती पानं आणि त्या खोडालगतच फळं. बी टाकल्यापासून ४५ ते ५५ दिवसांत पहिली तोडणी येते आणि फळ कोवळं, १५ ते २० सेंटिमीटरचं असतानाच काढायचं असतं. फळं खोडालगत, जमिनीला टेकून लागतात, ही गोष्ट या प्रकरणात फार महत्त्वाची ठरली.

बियाणं पुण्याहून आणलं. मुलीने बी पाठवायची तयारी दाखवली होती, पण परदेशातून बी मागवायला वनस्पती संगरोधाच्या (क्वारंटाइनच्या) नियमांखाली परवाना लागतो, आणि तो नियम रोगकिडी रोखण्यासाठी असल्याने पाळायलाच हवा. तिने बियाऐवजी तिकडच्या बियाण्याच्या पाकिटावरचं वेळापत्रक पाठवलं: एप्रिल-मेमध्ये घरात कुंडीत बी रुजवायचं, रोपं हळूहळू बाहेरच्या हवेला सरावू द्यायची आणि मेअखेर ते जून या काळात वाफ्यात लावायची. इकडे आबांचं म्हणणं होतं, "तवशाच्याच कुळातलं ना हे? मग मृगावर टाका." तवसं म्हणजे इथली पावसाळी काकडी. मृग नक्षत्र ७-८ जूनला निघतं. इंग्लंडचं पाकीट जून म्हणत होतं, कोकणचा मृगही जून म्हणत होता. दोन अनुभवी माणसं, दोन देश आणि महिना एकच. एवढं जुळल्यावर कुणाला शंका यावी?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वाडीच्या कडेला, घरामागच्या उंचवट्यावर बी टाकलं. उगवण उत्तम झाली. आठवडाभरात जाड बीजदलं वर आली, पंधरवड्यात पानं तळहाताएवढी झाली. मग पाऊस बसला. दापोलीत वर्षाला सरासरी साधारण ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा जून ते ऑगस्टमध्येच कोसळतो. जुलैच्या मध्याला फुलं आली, पण जवळजवळ सगळी नर. मागे इवलं फळ घेऊन येणारी मादी फुलं अधूनमधूनच दिसत. जी आली ती पावसात पुरती उघडली नाहीत. उघडली तर त्यांच्यावर मधमाशी फिरकली नाही. बोटाएवढी फळं टोकाकडून पिवळी पडून सडली. पुढे खोडाचा गड्डाच मऊ झाला आणि झाडं बुंध्यातून मोडू लागली. आषाढ संपायच्या आत वाफा मोकळा झाला. त्याच अंगणात मांडवावर पडवळ आणि काकडी मात्र जोमात होती.

मला बोलावणं आलं ते त्यानंतर. आबा खिन्न होते. "तवसं होतं नि हे होत नाही, म्हणजे बीच खराब," असं त्यांचं मत पडलं होतं. बी खराब नव्हतं, उगवणीने ते सिद्धच केलं होतं. कोकणातली काकडी पावसात टिकते कारण आपण तिला मांडवावर चढवतो. फळ हवेत लोंबतं, पानांमधून वारा खेळतो, पाणी निथळून जातं. झुकिनीला मांडव देता येत नाही. तिचा गड्डा आणि फळं ओल्या जमिनीलगत राहतात, मोठ्या पानांखालची दमट हवा हलत नाही, आणि बुरशीला याहून सोयीची जागा मिळणार नाही. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या पावसात वाढून बी धरलेलं गावठी तवसं इथल्या दमटपणाला सरावलेलं आहे. संकरित झुकिनीच्या मागे तसा वारसा नाही.

मग मुलीचं वेळापत्रक चुकलं का? तिच्या जागी ते अगदी बरोबर आहे, आणि ते का बरोबर आहे हे समजल्यावरच आपलं उत्तर सापडतं. कॉर्नवॉलसारख्या थंड सागरी हवामानात अडचण उन्हाची नसून गारठ्याची असते. समुद्र हिवाळा सौम्य करतो, पण वसंतात माती लवकर तापूही देत नाही. झुकिनीला हिमकण अजिबात सोसत नाही आणि १५ अंश सेल्सिअसखालच्या मातीत तिचं बी रुजण्याआधी कुजण्याचीच शक्यता जास्त. म्हणून तिकडे बी घरात उबेला रुजवतात, बाहेरची माती १५-१६ अंशांवर यायची वाट पाहतात आणि लावल्यावरही रोपांवर काचेचं किंवा प्लास्टिकचं झाकण ठेवतात. ऐन जुलैतलं दुपारचं तापमान तिथे २० अंशांच्या आसपास, आणि पाऊस वर्षभरात विखुरलेला. त्या किनाऱ्यावर जून म्हणजे उबेचं दार उघडण्याचा महिना. आपल्याकडे तो धो धो पावसाचा.

पाकिटावरच्या महिन्याच्या पाठीमागे खरं तर अटी असतात: माती १५ अंशांच्या वर, रात्र थंड पण गारठवणारी नाही, दिवस फार तापलेला नाही, पाऊस बेताचा आणि फुलावर मधमाशी. या अटी आपल्या किनाऱ्यावर कधी जुळतात, हे आम्ही ओसरीवर बसून महिनावार पाहिलं. मातीच्या उबेची चिंता कोकणात बाराही महिने नाही. उरल्या रात्रीचा गारवा आणि पाऊस. परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात साधारण निघून जातो, तरी दिवाळीपर्यंत एखादी सर हमखास गाठते. ऑक्टोबरचं ऊन कडक. रात्री गार व्हायला लागतात त्या नोव्हेंबरात. जानेवारीत वर दापोलीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, पहाटेचा पारा १५ अंशांखाली सहज जातो, खाली किनाऱ्यावर तो सहसा तीन-चार अंश जास्त असतो. फेब्रुवारीच्या मध्यानंतर दुपार पुन्हा भाजायला लागते. म्हणजे पीक शेतात उभं राहायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ हाती राहतो.

यातला गारवा केवळ झाडाच्या सुखाचा नाही, तो फुलांचं लिंग ठरवतो. झुकिनीवर नर आणि मादी फुलं वेगळी येतात. मोठा दिवस आणि चढं तापमान असलं की नर फुलांचं प्रमाण वाढतं. लहान दिवस आणि थंड रात्री असल्या की मादी फुलं वाढतात. दापोलीत जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो आणि रात्रीही उबदार असतात, डिसेंबरात दिवस अकरा तासांवर येतो. पावसाळ्यातल्या झाडांवर जवळजवळ फक्त नर फुलं का दिसत होती, याचं उत्तर यात होतं. थंड किनाऱ्यावर याच्या उलट तक्रार ऐकू येते: सुरुवातीला मादी फुलं येतात, नर फुलांचा पत्ता नसतो, आणि गार पावसाळी हवेत माशी बाहेर पडत नाही म्हणून फळ टोकाशी सडतं. फळ सडलेलं दोन्हीकडे सारखंच दिसतं, मूळ मात्र वेगळं. म्हणून फळ सडलं की बुरशीनाशकाच्या दुकानात जाण्याआधी फुलं मोजावीत, असं मी सगळ्यांना सांगतो.

आबांना नक्षत्राच्या भाषेत उत्तर हवं होतं, आणि ते देता आलं याचं मला समाधान आहे. मृगाऐवजी स्वाती. स्वाती नक्षत्र साधारण २४ ऑक्टोबरला लागतं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरतं. ते सरता सरता पहिलं बी टाकायचं. रिसॉर्टला सर्वात जास्त माल नाताळ ते नववर्ष या आठवड्यात लागणार होता, तो हिशोबही यात बसत होता. पहिलं बी नोव्हेंबरच्या आरंभी आणि दुसरी लावण महिनाअखेरीस, असं ठरलं. तिसरी जानेवारीच्या मध्याला करावी असा वहिनींचा आग्रह होता. माझं मत विरुद्ध होतं, पण चार ओळींवर पाहायला हरकत नव्हती.

जागा निवडताना खरी अडचण भाताची आली. गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं भात दिवाळीनंतरही शेतात उभं असतं, तिथे झुकिनी वेळेत बसत नाही. सुदैवाने वरच्या दोन गुंठ्यांत हळवं, लवकर पिकणारं भात होतं आणि ते दसऱ्याच्या सुमारास कापून झालं. मात्र भाताच्या मळीत वर्षानुवर्षं चिखलणी झालेली असते, वीतभर खाली जमिनीचा कठीण थर बसलेला असतो. वरवर नांगरून झुकिनीचं मूळ त्यात शिरत नाही, पाणीही त्यावर तुंबतं. म्हणून सरसकट नांगरट न करता फूट-दीड फूट खोल आळी खणली, तो थर पहारीने फोडला आणि प्रत्येक आळ्यात घमेलंभर कुजलेलं शेणखत मिसळून माती जमिनीपेक्षा वीतभर उंच चढवली. जांभ्या दगडाची माती आम्लधर्मी असते. परीक्षणात सामू (पीएच) ५.६ निघाला. झुकिनीला ६च्या वर लागतो. चुलीतली राख आणि थोडा शेतीचा चुना लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी मिसळला. दोन झाडांत तीन फूट आणि ओळींत चार फूट अंतर ठेवलं. वहिनींना हे अंतर उधळपट्टी वाटली. डिसेंबरात पानं एकमेकांना भिडली तेव्हा हेच अंतर कमी पडतंय असं त्या म्हणाल्या.

शेत वाफशावर येण्याआधी वेळ फुकट जाऊ नये म्हणून पहिल्या लावणीचं बी छोट्या पिशव्यांत रुजवलं, एक इंच खोल, पिशवीत एक. दुसरं-तिसरं पान फुटताच रोपं मुळांभोवतीची माती न हलवता आळ्यात ठेवली. झुकिनीची मुळं दुखावलेली खपवून घेत नाहीत, त्यामुळे रोप जास्त वाढवून मग लावण्यात तोटाच आहे. दुसरी लावण थेट आळ्यात बी टाकून केली आणि माझ्या मते किनाऱ्यावर तीच पद्धत जास्त सोपी. थंड देशात पिशवीची गरज उबेसाठी असते. आपल्याकडे ती फक्त शेत मोकळं व्हायची वाट पाहताना लागते.

वाऱ्याचं वेगळं सांगायला हवं. दुपारनंतर समुद्रावरून येणारा खारा वारा झुकिनीच्या रुंद पानांच्या कडा करपवतो आणि पोकळ देठ मोडतो. पश्चिमेच्या बाजूला नारळाच्या झापांचा कंबरभर कूड उभा केला. कूड अगदी घट्ट विणू नये, वारा त्यातून गाळून यावा. आतली हवा कोंडली तर भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, आलीच म्हणून समजा. उरलेल्या तीन बाजूंना काट्यांचं कुंपण घातलं, कारण भात कापलं की गावात गुरं मोकाट सुटतात आणि एका रात्रीत दोन गुंठे साफ होतात. वानरांचा उपाय माणसाने राखण करणं हाच होता. तो आबांनी केला.

कोवळ्या रोपांवर पहिल्यांदा तांबडे भुंगेरे आले. सकाळी गारव्यात ते सुस्त असतात. त्या वेळी वेचून साबणाच्या पाण्यात टाकले आणि पानांवर राखेची धूळ धरली. पाणी पानांवर न शिंपता नळीने आळ्यात, सकाळच्या वेळी दिलं. आळ्यावर भाताचा पेंढा अंथरला, त्यामुळे ओल टिकली आणि फळ मातीला टेकलं नाही. पाण्यात खंड पडून मग एकदम भरपूर दिलं तर कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही आणि टोक काळं पडतं, म्हणून थोडं पण नेमाने द्यायचं.

पहिल्या लावणीला डिसेंबरच्या सुरुवातीला फुलं लागली. आरंभीची बरीचशी नर, कारण झाडांची सुरुवातीची वाढ उन्हाच्या दिवसांत झाली होती. वहिनींनी ती फुलं वाया घालवली नाहीत, भोपळ्याच्या फुलांसारखी त्यांची भजी केली. रात्री गार झाल्या तशी मादी फुलं वाढली. आता प्रश्न माशीचा. झुकिनीचं फूल पहाटे उघडतं आणि ऊन चढलं की मिटतं. सातेरी जातीच्या मधमाश्या वाडीत होत्या, पण आजूबाजूच्या हापूसच्या बागांत त्याच सुमाराला तुडतुड्यांसाठी मोहोरावर फवारण्या सुरू होतात. सकाळची फवारणी आणि सकाळचं फूल यांची गाठ पडली की शेजाऱ्याच्या औषधाने आपलं फळ गळतं. मुलाने शेजारच्या बागायतदारांशी बोलून फवारणी संध्याकाळी करायची विनंती केली आणि त्यांनी ती मानली. कोकणात हिवाळी वेलवर्गीय पीक घेणाऱ्याने हे बोलणं बी टाकण्याआधीच करून घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं.

तरीही भरवशासाठी हाताने परागीकरण केलं. सकाळी नऊच्या आत ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढून मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. वहिनींनी विचारलं, "भाऊ, नर फूल कमी पडलं तर तांबड्या भोपळ्याचं चालेल का?" जात वेगळी असल्याने त्याचा भरवसा नाही. त्यापेक्षा दोन लावणींत अंतर ठेवलं की एकीची नर फुलं दुसरीच्या कामी येतात. दुसरी लावण हाताशी असण्याचा हा फायदा आधी आमच्याही लक्षात आला नव्हता.

नाताळच्या आधी पहिली तोडणी झाली. बोटभर देठ ठेवून, धारदार सुरीने, सकाळी, एक दिवसाआड. फळ दोन दिवस जास्त राहिलं तर दुधीएवढं फुगतं, आतलं बी कडक होतं आणि झाड नवी फुलं धरणं कमी करतं. स्वयंपाक्याला मोठी फळं नको होती. ती घरात थालिपिठात आणि चण्याची डाळ घालून केलेल्या भाजीत गेली.

फळमाशीने डिसेंबरात त्रास दिला. आंब्याच्या फळमाशीसाठी वापरतात तो मिथाईल युजेनॉलचा सापळा घरात होता, मुलाने तोच टांगला. वेलवर्गीय फळांवरची माशी त्याला भुलत नाही, तिच्यासाठी क्यूल्यूरची गोळी लागते. गोळी बदलली. सापळ्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे डंख लागलेली फळं रोज गोळा करून खोल पुरणं हे काम सापळ्याइतकंच मोलाचं आहे. जानेवारीत धुकं आणि दव वाढलं तशी जुन्या पानांवर भुरी आली. आंब्याच्या मोहोरावरच्या भुरीची सवय असल्याने घरचे घाबरले नाहीत, मात्र ही बुरशी वेगळी आहे, आंब्यावरून झुकिनीवर येत नाही. तळची पानं काढून हवा मोकळी केली आणि गंधकाची हलकी फवारणी संध्याकाळी, गारव्यात केली. गंधक उन्हात वापरलं तर पानं भाजतात. पानांवर शिरांलगत दिसणारे रुपेरी ठिपके मात्र अनेक वाणांत जन्मजात असतात. ते रोग समजून आधीच फवारणी झाली नाही, हे बरं झालं.

तिन्ही लावणींत सर्वात सरस ठरली ती नोव्हेंबरअखेरची. तिची फुलं जानेवारीच्या ऐन गारव्यात आली, मादी फुलं भरपूर, फळ सरळ आणि चकचकीत. पहिल्या लावणीने उत्पादन कमी दिलं, पण सर्वात चांगल्या भावाच्या आठवड्यात दिलं, म्हणून तीही राखावी असं माझं मत आहे. जानेवारीतल्या चार ओळींवर फेब्रुवारीअखेर पुन्हा नर फुलांची गर्दी झाली, पांढरी माशी वाढली आणि काही झाडांची पानं विषाणूने सुरकुतली. ती झाडं उपटून जाळली. विहिरीचं पाणीही तोवर खाली गेलं होतं आणि ते वाडीला हवं होतं.

किती लावावी याबद्दल माझा सल्ला आखडता आहे. गावात, बाजारात झुकिनीला गिऱ्हाईक नाही. सगळा माल एकाच स्वयंपाकघराच्या मागणीवर उभा होता. वाल आणि कुळथाची मळी मोडून तिथे झुकिनी करू नये. दोन गुंठ्यांवर थांबावं आणि रिसॉर्टशी आठवड्याला किती किलो हे आधी ठरवून घ्यावं. गुहागर, वेंगुर्ला किंवा मालवणच्या बाजूला रात्रीचा गारवा थोडा उशिरा येतो आणि कमी टिकतो. तिथे पहिली लावण आठ-दहा दिवस पुढे न्यावी आणि शेवटची डिसेंबरच्या मध्यापुढे नेऊ नये. दापोलीच्या सड्यावर, जिथे थंडी जास्त पडते, तिथे डिसेंबरअखेरीपर्यंतही हात मारता येतो.

या घराने यंदा हळव्या भाताचा तोच तुकडा राखून ठेवला आहे. दोनच लावणी होणार, स्वातीच्या शेवटी आणि नोव्हेंबरअखेर. जानेवारीत त्या चार ओळींच्या जागी चवळी. आबांनी पंचांगात दोन्ही तारखांवर खूण केली आहे, आणि मुलीने पाठवलेलं वेळापत्रक, ती भेटीला आली की परत जाताना तिला द्यायच्या कागदांत ठेवलं आहे, मागच्या बाजूला इथल्या तारखा लिहून.